पंखा हळू फिरतोय? मोटर भरायला देण्याआधी हे तपासा

रेग्युलेटर पाचवर आहे, तरी पंखा रखडत फिरतोय, खाली वारा लागत नाही आणि पाती एकेक करून मोजता येतात. अशा वेळी ‘मोटर गेली, भरून घ्यावी लागेल’ हे वाक्य पटकन ऐकायला मिळतं. पण वाइंडिंग (मोटरच्या आत गुंडाळलेली तार, मोटर भरणं म्हणजे तीच नव्यानं गुंडाळणं) जळलेला पंखा सहसा हळू फिरत बसत नाही. तो वास मारतो, तापतो, एमसीबी (मुख्य बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडतो किंवा बंदच पडतो. नुसता वेग उतरला असेल तर संशयित वेगळे असतात आणि त्यातला पहिला म्हणजे चाळीस ते ऐंशी रुपयांना मिळणारा कपॅसिटर. दुकानात तो ‘पंख्याचा कंडेन्सर’ म्हणूनच मागायचा.

थेट कंडेन्सर बदलायला मात्र चढू नका. आधी जमिनीवर उभं राहून करायच्या तपासण्या उरकून घ्या. त्या फुकट आहेत आणि निम्मं निदान तिथेच होतं.

स्टूल आणायच्या आधी

घरातले सगळेच पंखे मंदावलेत का, हे आधी बघा. तसं असेल तर दोष पंख्यात नाही, व्होल्टेजमध्ये आहे. पंख्याच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३०च्या जागी २०० व्होल्ट येत असतील तर व्होल्टेज १३ टक्के उतरलं, पण जोर जवळजवळ चोवीस टक्के गेला. संध्याकाळी सात ते दहा पंखा रखडतो आणि पहाटे नीट पळतो, अशी तक्रार असेल तर हेच कारण धरा. मल्टीमीटर असेल तर दोन्ही वेळांना सॉकेटवर आकडा घेऊन ठेवा. वीज कंपनीकडे तक्रार करताना ‘पंखा हळू फिरतो’पेक्षा ‘रात्री आठला १९० व्होल्ट’ हे जास्त चालतं.

एकच पंखा हळू असेल तर रेग्युलेटर चारवर आणि पाचवर ठेवून फरक बघा. सध्याच्या बहुतेक स्टेप रेग्युलेटरमध्ये पाच नंबर म्हणजे सरळ जोडणी. रेग्युलेटर मध्ये येतच नाही, पंख्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं. त्यामुळे पंखा पाचवर ठीक पळतो पण तीनवर किंवा दोनवर सुरूच होत नाही, असं असेल तर दोष रेग्युलेटरचा. त्याच्या आतही छोटे कपॅसिटर असतात आणि तेही जातात. उलट पाचवरही हळूच असेल तर रेग्युलेटरवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. खात्रीच करायची तर इलेक्ट्रिशियनकडून तो तात्पुरता वगळून पंखा थेट स्विचवर चालवून बघा.

आता वेग खरंच कमी आहे की तसं नुसतं वाटतंय, हे मोजूनच टाका. एमसीबी बंद करून एका पात्याच्या टोकाशी खालून रंगीत चिकटपट्टी लावा. पंखा पाचवर सुरू करा, दोन मिनिटं जाऊ द्या आणि फोनवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमच्या सेटिंगवर, व्हिडिओ घ्या. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत पट्टी पुन्हा त्याच जागी यायला किती फ्रेम लागतात ते मोजा. १४,४०० भागिले तो आकडा म्हणजे मिनिटाला फेरे. चाळीस फ्रेम लागल्या तर ३६० फेरे आणि पंखा ठणठणीत आहे. साठ लागल्या तर २४० फेरे, म्हणजे गडबड आहे. फोन १२० फ्रेमचा असेल तर ७,२०० ला भागा. १,२०० मिलिमीटरच्या साध्या पंख्याचे पाच नंबरवरचे फेरे साधारण ३२० ते ४००च्या दरम्यान असतात. नेमका आकडा खोक्यावर किंवा मोटरवरच्या पट्टीवर छापलेला असतो. हा आकडा लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर पुन्हा लागणार आहे.

हातानं फिरवून बघा

एमसीबी बंद, मग स्टूल. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) बसवलेलं सापडतं आणि मग बटण बंद असूनही पंख्यात फेज (वीज आणणारी तार) जिवंत राहतो.

पात्याला बोटानं हलका धक्का द्या. चांगला पंखा आवाज न करता कितीतरी फेरे घेतो आणि सावकाश थांबतो. तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

दोन-तीन फेऱ्यांत थांबला आणि बोटाला खरखर जाणवली तर बेअरिंग गेलंय. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत, आणि घर महिनोन्‌महिने बंद राहिलं असेल तर हे हमखास होतं.

बेअरिंग गुळगुळीत आहे पण फिरताना पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा ‘खर्र’ आवाज येतो? मग मोटरच्या वरची वाटी बघा. दांड्याला धरून ठेवणारा तिचा रबर वा स्क्रू सैल झाला की ती घसरून फिरत्या मोटरवर टेकते आणि ब्रेकसारखं काम करते. वाटी चार-पाच मिलिमीटर वर सरकवून आवळली की झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी पंखे दुकानात नेले जातात.

हातानं मस्त फिरतो, आवाजही नाही, पण विजेवर रखडतो. आता कंडेन्सरचा नंबर.

याच वेळी पाती पुसून घ्या. पात्याच्या पुढच्या कडेला चिकटलेला काळा थर वारा खरोखर कमी करतो. स्वयंपाकघराजवळच्या पंख्यावर तो तेलकट असतो, तिथे कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून फडकं पिळून वापरा. पातं उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून अभ्रा ओढून घेतला तर धूळ गादीवर पडत नाही. पातं पुसताना खालून दुसऱ्या हाताचा आधार द्या. जोर लावला तर ते वाकतं आणि मग पंखा डोलायला लागतो.

कंडेन्सर गेला की वेग का उतरतो

जात्याचा खुंटा नुसता सरळ रेषेत पुढे-मागे ढकलला तर जातं फिरत नाही, एका जागी अडतं. खुंट्याला बाजूनंही जोर मिळाला की ते गरगरायला लागतं. घरातली सिंगल फेज वीज म्हणजे तो पुढे-मागेचा जोर. सेकंदाला ५० आवर्तनं, पण रेषा एकच. म्हणून पंख्यात दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. स्टार्टिंगच्या मार्गात कंडेन्सर बसवलेला असतो आणि तो त्या वाइंडिंगमधला विद्युतप्रवाह साधारण पाव आवर्तन, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद, पुढे काढतो. हाच बाजूचा जोर. नाव ‘स्टार्टिंग’ असलं तरी पंख्यात हे वाइंडिंग सुरू झाल्यावर तुटत नाही, पंखा फिरत असेपर्यंत कामात असतं. त्यामुळे कंडेन्सर अर्धमेला झाला की पंखा सुरू तर होतो, पण कायम अर्ध्या जोरावर पळतो.

अर्धमेला होतो कसा? आत प्लॅस्टिकच्या अतिपातळ फिल्मवर धातूचा मुलामा असतो आणि ती फिल्म गुंडाळलेली असते. व्होल्टेजच्या झटक्यानं फिल्मला कुठे छिद्र पडलं तर त्याभोवतीचा मुलामा जळून उडून जातो आणि शॉर्ट आपोआप मिटतं. सोय चांगली आहे, पण प्रत्येक वेळी थोडा मुलामा कमी होतो आणि क्षमता घटते. २.५ मायक्रोफॅरडचा (हे क्षमतेचं माप) कंडेन्सर काही वर्षांत १.८ वर, पुढे १.२ वर येतो. उष्णतेनं हे लवकर घडतं. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली, बंद वाटीत बसून तो दिवसरात्र काम करत असतो. पंखा एका दिवसात नाही, वर्षभरात सावकाश मंदावतो आणि म्हणूनच लवकर लक्षात येत नाही.

पूर्ण मेला तर पंखा सुरूच होत नाही, नुसता गुणगुणतो. अशा वेळी खाली उभं राहून झाडूच्या लाकडी दांड्यानं पात्याला ढकला आणि दांडा लगेच मागे घ्या. उजवीकडे ढकलल्यावर उजवीकडे आणि डावीकडे ढकलल्यावर डावीकडे तो रखडत का होईना फिरायला लागला, तर कंडेन्सर तरी गेलाय किंवा स्टार्टिंगची तार तरी तुटलीय. ही चाचणी काही सेकंदांत उरका. अडकलेला पंखा चालू ठेवला तर वाइंडिंग तापतं आणि मग ते खरंच भरायची वेळ येते.

कंडेन्सर बदलणं

लागणारं सामान: टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, इन्सुलेशन टेप, त्याच आकड्याचा नवा कंडेन्सर, आणि स्टूल धरायला एक माणूस.

१. मुख्य बोर्डातला त्या खोलीचा एमसीबी पाडा. पंख्याचं बटण चालू करून पंखा हलत नाही ना ते बघा.

२. वाटी सोडवा. बहुतेक पंख्यांत कंडेन्सर छताकडच्या किंवा मोटरवरच्या वाटीत, पांढऱ्या किंवा काळ्या चपट्या डबीच्या रूपात असतो. काही जुन्या पंख्यांत तो मोटरच्या खालच्या झाकणात असतो. टेस्टर लावून कोणत्याही तारेत फेज नाही याची खात्री करा.

३. फोटो काढा. दोन कोनांतून. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, रंगांवर विसंबू नका.

४. कंडेन्सरची दोन टोकं स्क्रू ड्रायव्हरनं एकमेकांना टेकवा, त्याची प्लॅस्टिकची मूठ धरूनच. पंखा नुकताच बंद केला असेल तर आत साठलेला चार्ज चांगलाच झटका देतो आणि झटक्यापेक्षा स्टुलावरून पडणं महाग पडतं.

५. जुन्याचा आकडा वाचा. छताच्या पंख्यात सहसा २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असतो. व्होल्टेजचा आकडा ४४० असतो आणि नव्यावरही तोच हवा. घरात २३० व्होल्ट येत असताना ४४० कशाला, असा प्रश्न पडतो. वाइंडिंग आणि कंडेन्सर एका ओळीत जोडले की कंडेन्सरच्या टोकांवर पुरवठ्यापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज उभं राहतं. कमी रेटिंगचा स्वस्त कंडेन्सर त्यामुळेच लवकर फुटतो.

६. नवा जोडा. त्याला प्लस-मायनस नसतं, कोणतंही टोक कुठेही चालतं. शक्य असेल तिथे कनेक्टरमध्ये स्क्रूखाली तार आवळा. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी पंख्याच्या थरथरीनं सैल होते, मग तिथे ठिणग्या पडतात.

७. तारा वाटीच्या कडेत चिमटणार नाहीत अशा बसवा, वाटी आवळा, एमसीबी चढवा, आणि स्लो मोशनमध्ये फेरे पुन्हा मोजा.

फोटो काढायचा राहिला आणि तीन तारा हातात सुट्या लोंबकळतायत? मल्टीमीटर ओहमवर ठेवून कंडेन्सर आणि पुरवठा दोन्ही सोडवलेल्या अवस्थेत दोन-दोन तारांमध्ये तीन वाचनं घ्या. समजा १६०, १८० आणि ३४० ओहम आली. सगळ्यात मोठं वाचन ज्या दोन तारांमध्ये मिळालं, ती दोन्ही वाइंडिंगची बाहेरची टोकं. उरलेली तिसरी तार कॉमन, ती न्यूट्रलला. कंडेन्सर बाहेरच्या दोन टोकांमध्ये आणि फेज त्या दोनपैकी एकाला. पंखा उलटा फिरला तर फेज तिथून काढून कंडेन्सरच्या दुसऱ्या टोकाला द्या. आपल्याकडचे बहुतेक छताचे पंखे खालून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. खूण सोपी आहे: पात्याची वरच्या बाजूची कड पुढे धावली पाहिजे. खालची कड पुढे धावत असेल तर पंखा वारा छताकडे फेकतोय.

जुना कंडेन्सर फेकण्याआधी कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टीमीटरवर लावून बघा. छापील आकड्यात पाच टक्के इकडेतिकडे चालतं. २.५ वाला २.२ च्या खाली गेला असेल तर निदान बरोबर होतं. डबी फुगलेली किंवा पाझरलेली असेल तर तो गेलाच, पण दिसायला कोरी करकरीत डबीही आतून पोकळ झालेली असू शकते. नुसतं बघून ‘ठीक आहे’ म्हणू नये.

मोठा कंडेन्सर घातला तर पंखा जास्त पळेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि काही मिस्त्री २.५ च्या जागी बिनदिक्कत ४ घालूनही देतात. वेग थोडा वाढलेला दिसतोही. पण पंख्याच्या वेगाला छत आहे. बऱ्याच पंख्यांची मोटर १४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) असते. ५० आवर्तनांवर तिच्या चुंबकीय क्षेत्राचा वेग १२० × ५० ÷ १४, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२८ फेरे. पंखा त्याच्या मागेच राहणार, पुढे कधीच जाणार नाही. ३६० ला पळणाऱ्या पंख्याला मोठा कंडेन्सर देऊन मिळणार काय, तर थोडेसे फेरे. त्या बदल्यात स्टार्टिंग वाइंडिंगमधून कायम जास्त प्रवाह वाहतो, दोन वाइंडिंगचा तोल बिघडतो, मोटर घुमायला लागते आणि तापते. उन्हाळ्यात चोवीस तास चालणाऱ्या पंख्यात हे वाइंडिंग मग खरंच जळतं. छापील आकडाच घाला. २.२५ आणि २.५ ची अदलाबदल दुकानदार करतो, तेवढी खपून जाते.

नवा कंडेन्सर घालूनही फरक नाही

मग वाइंडिंगकडे वळा, त्याआधी नाही. वर सांगितलेली तीन ओहमची वाचनं घ्या. एखाद्या जोडीत मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. कधी ती बाहेरच, दांड्यातून येताना घासून तुटलेली असते, तेव्हा तिथे आधी बघा. दोन लहान वाचनांची बेरीज मोठ्या वाचनाइतकी येत नसेल किंवा एक वाचन अवाजवी लहान असेल, तर आतले काही फेरे एकमेकांना चिकटले आहेत. अशी मोटर दहा-पंधरा मिनिटांत हात ठेवता येणार नाही इतकी तापते आणि जळक्या वार्निशचा वास येतो. कोमट मोटर मात्र दोष नाही, ती असतेच. तारेपासून मोटरच्या अंगापर्यंत ओहमचं कसलंही वाचन मिळता कामा नये. मिळालं तर तो पंखा चालू करू नका.

भरायला देणार असाल तर तांब्याची तार घालणार की ॲल्युमिनियमची, हे आधी विचारा. जुन्या स्वस्त पंख्याला भरायचा खर्च आणि नव्या पंख्याची किंमत शेजारी ठेवा. भरलेला पंखा कारखान्यातल्या वेगाला पोचतोच असं नाही, तार जाड-बारीक झाली किंवा फेरे चुकले तर तो कायमचा मंद राहतो.

बेअरिंगला तेल का सोडू नये

खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल वरून सोडलं की दोन दिवस आवाज थांबतो. पण पंख्यातली बेअरिंगं दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या झाकणानं बंद असतात, आत ग्रीस भरून येतं. बाहेरून सोडलेलं तेल आत नीट पोचत नाही. पोचलं तर उरलंसुरलं ग्रीस पातळ करून बाहेर आणतं आणि ते वाइंडिंगवर ओघळून धूळ धरतं. बेअरिंग बदलणं हाच उपाय. बहुतेक पंख्यांत ६२०१ किंवा ६२०२ नंबरची असतात, पहिल्याचं भोक १२ मिलिमीटर, दुसऱ्याचं १५. वरचं आणि खालचं वेगळ्या नंबरचं असू शकतं, त्यामुळे जुनी काढून त्यांच्या अंगावरचा नंबर वाचूनच नवी आणा. बसवताना हातोडी थेट बेअरिंगवर मारायची नाही. शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर बसेल असा पाइपचा तुकडा ठेवून त्यावर ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) नसेल तर हे काम दुकानातच करून घ्या.

डोलणारा पंखा

डोलणं आणि मंदावणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण ती बरेचदा एकत्र येतात. पाती पुसताना जोर लागला, एखादं वाकलं, आणि आता पंखा हेलकावे खातोय. छताला टेकेल अशी पट्टी एका जागी धरा आणि एकेक पातं तिच्यासमोर आणून टोकाचं अंतर मोजा. तिन्हींत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खाली आलेल्या पात्याला मोटरशी जोडणारी पट्टी मोटरजवळ धरून हलकेच वर वाकवा. मग स्क्रू तपासा, एखादा सैल असतोच. एवढं करूनही डोलत असेल तर एकेका पात्याच्या वर, मधोमध, एक रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं लावून बघा. ज्या पात्यावर नाणं लावल्यावर डोलणं कमी होतं तिथेच ते थोडं आत-बाहेर सरकवत योग्य जागा शोधायची. कंपनी तीन पाती वजनानं जुळवून देते. दोन पंखे एकदम उतरवले असतील तर त्यांची पाती एकमेकांत मिसळू देऊ नका.

हे सगळं करताना वरच्या हुकाकडे नजर टाकायलाच हवी. दांडा, हुकाचं शॅकल (हुकात अडकणारी कडी) आणि मोटर यांना जोडणाऱ्या बोल्टच्या टोकाला दुभंगलेली पिन असते. तिचे दोन्ही पाय वाकवलेले असले पाहिजेत. ही पिन नसेल तर नट थरथरीनं एकेक आटा सुटत जातो आणि पंखा खाली येतो. साधारण चार किलोचा पंखा, खाली झोपलेलं माणूस. पिन हरवली असेल तर तात्पुरती तार घालून वेळ मारून नेऊ नका, हार्डवेअरच्या दुकानात ती काही रुपयांत मिळते. हुकातल्या रबराच्या रिळाला चिरा पडल्या असतील तर तीही बदला, रात्रीचा ‘टक्‌टक्‌’ बहुधा तिथूनच येतो.

हळू ठेवला तर बिल कमी येतं का?

रेग्युलेटर कोणता, यावर आहे. जुना, ठोकळ्यासारखा मोठा रेग्युलेटर म्हणजे आत तारेचं रेझिस्टन्स. तो पंख्याची वीज कमी करतो, पण वाचलेल्यातला बराच भाग स्वतः उष्णता करून उडवतो. हात लावून बघा, गरम लागेल. हल्लीचा कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर जवळजवळ थंड राहतो, तिथे हळू पंखा म्हणजे खरोखर कमी युनिट. गोल फिरवायचा, पायऱ्या नसलेला डिमर प्रकारचा रेग्युलेटर वीज वाचवतो, पण विजेच्या लाटेचे तुकडे करतो, म्हणून कमी वेगावर पंखा गुणगुणतो. त्या गुणगुणीला घाबरू नका. पाच नंबरवर गुणगुण असेल तर मात्र कंडेन्सर तपासा.

खरी बचत पंखा बदलण्यात आहे. ७५ वॉटचा साधा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. ३० वॉटचा बीएलडीसी (कायम चुंबकाच्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात १०.८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर पंख्यामागे महिन्याला १६२ रुपयांचा फरक. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं आहे, घेताना वॉट आणि वाऱ्याचा आकडा दोन्ही वाचा. नुसते वॉट कमी आणि वाराही कमी, असे पंखेही असतात.

बीएलडीसी पंख्याला या लेखातलं बरंचसं लागू नाही. त्यात स्टार्टिंगचा कंडेन्सर नसतो. कायम चुंबक आणि ते फिरवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. व्होल्टेज बरंच उतरलं तरी त्याचा वेग तोच राहतो, ही खेडेगावात मोठी सोय. पण भिंतीवर जुना रेग्युलेटर तसाच ठेवून त्यावर हा पंखा लावला आणि कुणी दोन नंबर केला, तर पट्टीला अपुरा, विचित्र पुरवठा जातो आणि ती बिघडते. पंखा बसवतानाच रेग्युलेटर काढून जागी साधा स्विच घाला. पंखा मंद वाटला तर आधी रिमोटवरचा वेग आणि टायमर बघा, एकदा स्विच अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. त्यानंतरही तसाच असेल तर पट्टीचं काम आहे आणि ते वॉरंटीतच करून घ्यायचं.

वेग पुरता आहे, तरी वारा नाही

फेरे मोजले, ३६० भरले, तरी गरम होतंय. पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरचा घाम लवकर वाळवतो आणि त्यामुळे आपल्याला गार वाटतं. रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा खोली थोडी गरमच करतो. पात्यांच्या आणि छताच्या मध्ये निदान ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर वरून हवा ओढता येत नाही आणि पंखा नुसता घुसळत बसतो. पोटमाळ्याखाली किंवा फॉल्स सीलिंगला चिकटून लावलेल्या पंख्यांची हीच रड असते. तिथे दांडा लांब घ्या, पण जमिनीपासून पंख्याचा सगळ्यात खालचा भाग २.४ मीटरच्या, म्हणजे सुमारे आठ फुटांच्या खाली येता कामा नये. दोन्ही अंतरं एकदम बसत नसतील तर त्या जागी भिंतीवरचा पंखा लावा.